प्रेक्षक : १

किणी साहेबांनी पहिल्या दिवशी फळ्यावर
एक झाड काढलं होतं, उलटं. मूळ परळला, फांद्या खाली.
"हजार घरं एकच सामना बघतात
म्हणून हजार प्रती पाठवायच्या नसतात, बाई.
परळहून एकच निघते.
लालबागपर्यंत एक. भायखळ्यापर्यंत तीच.
वाटा फुटतात तिथे दोन व्हायचं, त्याआधी नाही.
लग्नाच्या पत्रिका वाटायला
घरटी वेगळा माणूस धाडतो का आपण?"
मग खडू ठेवून, जरा स्वतःशीच :
"फांदी फुटणं सोपं. छाटणी अवघड."

आता छाटणी माझ्याकडे आहे.
रात्रपाळी, एसीचा गारठा, अंगात नवऱ्याचा स्वेटर,
आणि पडद्यावर राउटर,
दर दोन मिनिटं पाच सेकंदांनी
अंधारात तेच विचारणारे :
आहे का कुणी?
या गटात अजून आहे का कुणी?
एकाने "आहे" म्हटलं की पुरतं,
बाकीचे ते ऐकून गप्प राहतात.
कुणीच बोललं नाही तर थोडं थांबून
वाट मिटवून टाकायची.
यात राग-लोभ नसतो.

वरून यादी आली : पाचाहून कमी प्रेक्षक, ते गट बंद.
तीनशे सत्तेचाळीस.
कुठल्यातरी लांबच्या देशातला फुटबॉल, आपल्याकडे रात्री अडीचला.
प्रेक्षक : १. माझगाव.
एका डब्यासाठी परळपासून
अख्खी वाट जागी.

वर त्याच डब्याची तक्रार : "गोल उशिरा होतो."

हसले. पण तक्रार खरी होती.
समोरच्या इमारतीवर छत्री आहे, तिचा गोल थेट आभाळातून.
आमचा येतो वळणावळणाने,
शिवाय बफर, चार सेकंदांची पडवी,
मागे रेंगाळलेली पॅकेटं येऊन मिळावीत म्हणून.
त्यातूनही हुकलं ते हुकलं.
पत्र असतं तर पुन्हा मागवलं असतं.
मघाचा चेंडू आत्ता घेऊन
कुणी काय करायचं?

मुश्ताक परकारला पाठवलं. सामना चालू असताना बघ, म्हटलं.
पावणेतीनला त्याचा फोन. मागे माणसांचा गलका.
"मॅडम, टीव्ही खिडकीत आहे."
म्हणजे?
"म्हणजे तोंड बाहेर, गल्लीकडे.
तेहमीनाबाई आत, टीव्हीच्या पाठीमागे,
पत्ते मांडून एकट्याच खेळतायत.
फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही म्हणतात.
झोप येत नाही, तर बाहेर कुणी जागं असलेलं बरं."
आणि बाहेर?
तो मोजायला लागला.
गोदीतून सुटलेले चौघे. वॉचमन, खुर्चीसकट.
बेकरीचा पोरगा, कोपरापर्यंत मैदा.
एक नर्स, "निघालेच" म्हणत कधीची उभी.
कुत्रा धरायचा का, त्याने विचारलं.

तेवढ्यात फोनमध्ये दुरून आरडाओरडा. छत्रीवाले.
"झाला वाटतं," परकार म्हणाला.
आणि गल्ली गप्प झाली.
ते गप्प होणं मला परळमध्ये ऐकू आलं.
माहीत असलेला गोल
होण्याची वाट बघत,
एक, दोन, तीन,
चार,
मग अशी ओरडली
की जसं काही ठाऊकच नव्हतं.

किणी साहेबांच्या झाडात ही फांदी नव्हती.
काचेतून बाहेर, डब्याच्या पुढे,
जिथे आमचा प्रश्न पोचत नाही
आणि कुणी "आहे" म्हणत नाही.

बफर चारावरून तीनवर आणला. त्याखाली चित्र फुटतं.
परकारला म्हटलं, बाईंची सही घेऊन ये.
"सामना संपला की आणतो."

यादीत तीनशे सत्तेचाळीससमोर शेऱ्याला बोटभर जागा.
प्रेक्षक : १ हे तसंच राहू दिलं, कोष्टकाला तेवढंच कळतं.
शेरा लिहिला : तपासणी सुरू, वाट चालू ठेवावी.
खोटं नाही. परकार अजून तिथेच आहे.

पडद्यावर राउटरने विचारलं, आहे का कुणी?
डबा म्हणाला, आहे.